पाठीमागचं झाड

आमच्या टूर कंपनीत त्यांचं खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी निघायचं. एरवी आम्ही सगळे ड्रायव्हर त्यांना रिव्हर्सभाऊ म्हणायचो. गाईड म्हणून त्यांची सगळी हयात उलटं चालण्यात गेली. ग्रुप मागे आणि ते ग्रुपच्या पुढे, पण तोंड ग्रुपकडे. एक हात वर, तोंडाचा पट्टा चालू, आणि पाय आपोआप मागे मागे. गुहा असोत, राजवाडा असो की तळ्याकाठची वाट, हा गृहस्थ पाठ करूनच सगळीकडे गेला. मी एकदा त्यांना म्हटलं होतं, "भाऊ, तुम्ही या देशातलं एकही प्रेक्षणीय स्थळ पाहिलेलं नाही." त्यावर ते हसले नाहीत. म्हणाले, "बघणारे बघतात. मी बघणाऱ्यांकडे बघतो."

आता हे ऐकून कुणाला ते फार थोर वगैरे वाटतील, म्हणून आधीच सांगतो. माणूस हट्टी होता, चहा स्वतःच्याच पद्धतीने करायला लावायचा, आणि बसमध्ये एसी लावला की घसा बसतो म्हणून माझं डोकं खायचा. पर्यटकांचं तर मी बोलतच नाही. राजवाड्यात शिरायच्या आधी यांना बाथरूम हवं, बाहेर आल्यावर यांना दुकानं हवीत, मधल्या वेळात यांना सावली हवी. अशा लोकांना दगडापुढे उभं करून कान टवकारायला लावणं सोपं नाही. भाऊंना ते जमायचं, हे कबूल करावंच लागेल.

घरी मात्र ते चकार शब्द बोलत नसत. त्यांचं घर दोन खोल्यांचं, तिसऱ्या मजल्यावर. बाहेरच्या खोलीत वहिनींचं शिलाई मशीन खिडकीशी, त्यामागे कापडाचे गठ्ठे, आणि भाऊंची खुर्ची कोपऱ्यात, भिंतीला टेकलेली. मी गेलो की वहिनी मशीन थांबवायच्या आणि मला ऐकवायच्या, "सगळे शब्द बाहेर उधळून येतात. माझ्या वाट्याला नुसतं घसा खाकरणं येतं." भाऊ खुर्चीत बसून बशीतला चहा फुंकत राहायचे. तीस माणसांना तासभर खिळवून ठेवणारा माणूस स्वतःच्या घरात पाहुण्यासारखा बसलेला बघून मला गंमत वाटायची.

डोळ्यांचं मला त्यांनीच सांगितलं. टूर सुरू व्हायच्या आधी बस धुऊन मी गॅरेजच्या बाहेर टायरवर बसलो होतो. ते आले, शेजारी बसले आणि म्हणाले, "काचबिंदू आहे. डॉक्टर म्हणतात, जे गेलं ते येणार नाही. औषधाने उरलेलं जमेल तितकं टिकवायचं." कसं दिसतं म्हणून मी विचारलं. त्यांनी मूठ वळून डोळ्याला लावली, पोरं दुर्बीण करतात तशी. "एवढं दिसतं. समोरचं. कडा मिटत आल्यात. पायाखालचं तर कधीच गेलं."

मी म्हटलं, "मग उलटं चालणं बंद करा."

"उलटं चालायला मागचं कुठे दिसावं लागतं?" ते म्हणाले. "मला पाठ आहे सगळं."

ते खोटं नव्हतं. कुठली पायरी उंच, कुठे फरशी उखडलेली, कुठे दरवाजाची चौकट खाली, हे त्यांच्या टाचांना ठाऊक होतं. तरी मध्येच कुणी वाटेत बॅग ठेवतं, कुठे वायर टाकलेली असते. म्हणून आम्ही एक युक्ती काढली. पार्किंगमध्ये झोप काढायची सोडून मी ग्रुपच्या मागे चालायचो, आणि वाटेत काही आडवं असलं की खोकायचो. मी खोकलो की ते पाय उचलून टाकायचे. या भानगडीत ग्रुपमधल्या मावश्या माझ्या मागे लागायच्या. कुणी आलं द्यायच्या, कुणी गोळ्या, एकीने तर स्वतःचा मफलर माझ्या गळ्यात घातला. भर उन्हात तो मी अख्खा दिवस वागवला.

तरी चुका व्हायच्याच. म्युझियमच्या दारात एक पहारेकऱ्याचा पुतळा आहे. भाऊ त्याला खांद्याने धडकले आणि अदबीने म्हणाले, "माफ करा, जरा बाजूला होता का?" सगळा ग्रुप पोट धरून हसला. कुणाला वाटलंच नाही की हे खरं आहे.

आणि मग मॅडम आल्या. ऑफिसच्या मॅडम, म्हणजे मालकांची सून. सगळा कारभार आता त्याच बघतात. कुणीतरी तक्रार केली होती की गाईडने आपल्याला ओळख दाखवली नाही, हाताला हात दिला नाही. मॅडम पर्यटकांसारखी टोपी घालून टूरला आल्या आणि माझ्या मागच्या सीटवर बसल्या. पहिल्याच थांब्यावर, भाऊ तिकिटं काढायला गेले तेव्हा, मला म्हणाल्या, "ते थकलेत असं वाटतं. या वेळी बघते, नाहीतर ऑफिसात बसवू. फोन घ्यायला कुणीतरी हवंच आहे."

फोनचं टेबल मला माहीत होतं. जिन्याखालची जागा, समोर भिंत. तिथे बसून दिवसभर "बुकिंग फुल आहे" एवढंच म्हणायचं. मी हे भाऊंना सांगितलं. ते म्हणाले, "भिंतीला काय सांगू मी?" संध्याकाळी वहिनींचा फोन आला, तर त्यांना मीच सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "ऑफिसात बसवलं तर ते घरी येऊन बोलायला लागतील. मला नाही झेपायचं ते." असं म्हणून त्या हसल्या. मग आवाज खाली करून म्हणाल्या, "सांभाळा त्यांना, भाऊजी."

गुहा पार पडल्या. राजवाडा पार पडला. मी इतका खोकलो की मला खरंच खोकला झाला. मॅडमनी टोपीखालून सगळं बघितलं, पण चेहऱ्यावरून काही कळेना.

शेवटचा थांबा जंगलाच्या कडेचं झाड. भाऊ त्याचं लांबलचक शास्त्रीय नाव सांगायचे, आम्ही आजोबा म्हणायचो. ते इतकं जुनं होतं की त्याच्या खोडाला वेढा घालायला अख्खा ग्रुप हातात हात धरून उभा करावा लागे. तिथे जायची वाट एका मोठ्या खडकाला वळसा घालून जाते. वळण संपेपर्यंत झाड दिसत नाही आणि मग एकदम समोर येतं. त्या जागी लोक गप्प होतात. कितीही बडबडा ग्रुप असो, तिथे त्यांची दातखीळ बसते. भाऊंचा सगळा जीव त्या शांततेत होता. ते वळणावर उलटे चालत यायचे, लोकांचे चेहरे बघत थांबायचे, आणि लोक गप्प झाले की हात मागे दाखवून बोलायला लागायचे. मागे वळून बघायची त्यांना कधी गरजच पडली नाही.

त्या दिवशीही ते तसेच आले. ग्रुप वळला. लोक गप्प झाले. मी सगळ्यांत मागे होतो, त्यामुळे मला सगळ्यांच्या शेवटी दिसलं. म्हणजे दिसलं नाही. जिथे झाड असायचं तिथे नुसतं आभाळ होतं. खाली सगळ्या मैदानभर फांद्या पसरल्या होत्या आणि जमिनीतून उपटलेलं मुळांचं बूड आमच्या बसपेक्षा उंच उभं होतं. आदल्या रात्रीचा वारा आम्ही लॉजवर ऐकला होता, पण हे कुणाच्या मनात आलं नव्हतं.

भाऊंनी शांतता ऐकली आणि नेहमीप्रमाणे खूश झाले. हात मागे केला. "माझ्या पाठीमागे जो उभा आहे," ते म्हणाले, "त्याने राजे येताना पाहिले, जाताना पाहिले. तो हलला नाही."

मी खोकलो. दुसरं काय करणार? आमच्या खोकल्यात पायरीला जागा होती, बॅगेला होती, झाड पडलं हे सांगायची सोय नव्हती. भाऊंनी पाय उचलला आणि नसलेल्या पायरीवर अलगद ठेवला. मी पुन्हा खोकलो, त्यांनी पुन्हा पाय उचलला. मॅडमनी मागे हात करून मला गोळी दिली.

"त्याच्या सावलीत," भाऊ म्हणाले, आणि थांबले. त्यांचा हात मानेवर गेला. त्या जागी उभं राहिल्यावर त्यांच्या मानेवर कधीच ऊन पडलं नव्हतं. आता पडलं होतं.

ते वळले. लोकांकडे पाठ करून मी त्यांना पहिल्यांदाच उभं पाहिलं. त्यांनी मान वर केली, डावीकडे नेली, उजवीकडे नेली. झाड त्यांच्या पायांशी पडलं होतं, पण ते जिथे असायचं तिथेच भाऊ त्याला शोधत होते.

"झाड कुठंय?" ते म्हणाले. हा गाईडचा आवाज नव्हता, खुर्चीतल्या माणसाचा होता. "अरे, कुठंय झाड?"

"पडलंय, भाऊ," मी मागून म्हणालो.

ते हात पुढे करून चालत गेले. सरळ, तोंड पुढे करून. हात मुळांना लागला. ओली माती बोटांत आली. त्यांनी मुळांवर दोन्ही हात फिरवले आणि न वळताच विचारलं, "काय काय दिसतंय तुम्हाला? सांगा मला." मग एका शाळेतल्या बाईंनी सांगितलं की फांद्यांत एक घरटं अजून अडकलेलं आहे. कुणी म्हणालं, खोड आतून पोकळ होतं. कुणी म्हणालं, पानं अजून हिरवीच आहेत, त्यांना कळलेलं दिसत नाही. एकेक जण पुढे येऊन त्यांना सांगत होता आणि ते नुसतं "हं, हं" करत होते. आता संपलं, असं मला वाटलं. मॅडमकडे बघायची हिंमत झाली नाही.

चहाच्या टपरीवर मॅडमनी टोपी काढली. त्यांचे डोळे लाल होते. "काय केलंत तुम्ही हे!" त्या भाऊंना म्हणाल्या. "मला आधी सांगायचं तरी. सकाळी जाऊन बघून आला होतात ना? सगळी माणसं रडत होती. मी इतक्या टूर्स पाहिल्या, पण असं कधी नाही."

भाऊंनी मी असेन त्या दिशेला तोंड केलं.

"हे दर टूरला करा," मॅडम म्हणाल्या. "अगदी असंच. वळायचं, विचारायचं, हात लावायचा. वनखात्याशी मी बोलते, ते खोड हलवू नका म्हणून. ऑफिसबिफिस राहू द्या."

एक 'हो' म्हटलं की नोकरी राहत होती. 'मला खरंच दिसलं नाही' म्हटलं की जिन्याखालचं टेबल. भाऊंनी कप खाली ठेवला, कडा चाचपून. "बरं, मॅडम," ते म्हणाले. मला सुटल्यासारखं झालं, आणि त्याच वेळी फार वाईटही वाटलं.

त्यानंतर सबंध सीझनभर ते झाड दर टूरला पडत राहिलं. भाऊ उलटे यायचे, राजांचं वाक्य म्हणायचे, मानेला हात लावायचे, वळायचे. "झाड कुठंय?" आवाज तसाच फुटायचा. लोक रुमाल काढायचे. दुसऱ्या कंपन्यांच्या गाईडांनी नक्कल करून बघितली, पण ती नाटकी वाटायची. खरं सांगायचं तर मला त्याचा वीट आला होता. एका माणसाने आपलं दुःख असं दर आठवड्याला मांडून ठेवावं, हे मला पटेना. पण नोकरी त्यांची, गळा त्यांचा. मी आपलं खोकायचं काम करत राहिलो.

सीझनच्या शेवटच्या टूरला तर कहरच झाला. ते वळले आणि विचारतच राहिले. "झाड कुठंय? कुठंय झाड?" हात पुढे करून भलत्याच बाजूला गेले, फांद्यांत अडखळले, गुडघ्यावर आले. दोन तरुणांनी धरून त्यांचा हात मुळांवर नेऊन ठेवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

परत येताना ग्रुप झोपला होता आणि भाऊ माझ्या शेजारच्या सीटवर बसले होते. माझ्याने राहवेना. "भाऊ, आज जरा जास्तच झालं," मी म्हटलं. "दर वेळी तेच ते, तरी आवाज एवढा खरा कसा निघतो?"

त्यांचं तोंड रस्त्याकडेच होतं. "पहिल्यांदा वळलो तेव्हा मुळांचा एक तुकडा दिसला होता," ते म्हणाले. "पुढच्या वेळी त्याहून लहान. मग नुसता काळा ठिपका. म्हणून मी दर वेळी नीट शोधतो, आज केवढं उरलंय ते. लोकांना वाटतं, नाटक."

"आणि आज?"

"आज ठिपकाही नव्हता. म्हणून मी विचारलं ना तुला. दोनदा विचारलं. तू नुसता खोकत होतास." मग माझ्याकडे वळून, पण माझ्या खांद्यापलीकडच्या खिडकीला, ते म्हणाले, "खरं सांग. आहे ना अजून तिथंच?"

"आहे, भाऊ. तिथंच आहे."

"बरं," ते म्हणाले, आणि एसी बंद करायला सांगितला.