शेवटच्या ओळीपासून

पन्नाशी उलटल्यावर मी क्लासिकल गिटार शिकायला लागले. इंदूरच्या पलासियात माझी बँकेची नोकरी, मागच्या गल्लीत क्लास, आणि सुदामा नगरातल्या घरी आई आणि मी. "या वयात हे काय नवीन खूळ!" आई म्हणाली. म्हटलं, खूळ तर खूळ.

माझी रीत ठरलेली. पहिल्या ओळीपासून वाजवायचं, अडखळलं की पुन्हा पहिल्यापासून. आमच्याकडे पाठांतर असंच. आईनं स्तोत्रं अशीच घोटून घेतली. मधूनच म्हण म्हटलं तर आजही यायचं नाही. मग काय, पहिली ओळ झकास आणि शेवटच्या ओळीत रोज बोंब! आमचे सर माझ्या भाच्याच्या वयाचे. एक दिवस चक्क हात जोडून म्हणाले, "ताईजी, शुरुआत को अब बख्श दो. आधी शेवटची ओळ घ्या, अगदी हळू. ती बसली की तिच्या आधीची, आणि तिथून शेवटपर्यंत. मग जितकं पुढे जाल तितका रस्ता ओळखीचा लागेल." मला रागच आला. असं उलटं कोणी शिकतं का? पण घरी येऊन तसं केलं, आणि मेलं बसलं की हो!

त्याच वर्षी हिवाळ्यात आईला लकव्याचा हलका झटका आला. हातपाय सावरले, बोलणंही परत आलं. पण संध्याकाळचं स्तोत्र, जे ती लग्नाआधीपासून म्हणत आली, ते मध्येच तुटायला लागलं. तुटलं की ती पहिल्यापासून सुरू करी आणि नेमकी तिथेच थांबे. मी पुढचा शब्द सांगितला की चिडायची, "तू गप! माझं मला येतं." एकदा देवापुढे बसून रडली. "आता मी काही कामाची उरले नाही गं."

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "आई, आज फक्त शेवटचा श्लोक."

"वेडी का तू? देवाचं असं उलटं म्हणतात?"

"देव इंदूरचाच आहे, चला लेगा, घेईल चालवून."

ती हसली, म्हणून जमलं. शेवटचा श्लोक, मग त्याच्या आधीचा धरून शेवटपर्यंत. कधी सगळं पुसलं जाई, की पुन्हा शेवटाकडे. शेजारी बसून मी गिटारवर माझी ओळ घोटत असे.

एका संध्याकाळी तिनं आपणहून पहिल्यापासून सुरुवात केली. अडायची ती जागा आली. ती थांबली. शब्द माझ्या ओठांवर होता. मी तो गिळून टाकला. आणि तो तिला आला! पुढचं सगळं ती न थांबता म्हणत गेली. तिनं नमस्कार केला तेव्हा माझे डोळे वाहत होते.

"रडतेस काय? गिटार आण," आई म्हणाली. "आणि ती पहिली ओळ नको हं. कान किटले माझे."