निघायचं कोणी

ताईच्या डाव्या हाताला प्लास्टर होतं आणि उजव्या हाताने ती आम्हाला चहा आणून देत होती. ट्रे एका हाताने धरता येत नाही, म्हणून एकेक कप. देवासला टेकडीच्या पायथ्याशी तिचं सासर. धारहून आम्ही तिघं ‘बोलायला’ आलो होतो: बाबा, मोठे काका आणि मी, तिचा धाकटा भाऊ.

तिचा नवरा म्हणाला, “बाथरूममध्ये घसरली.”

“घसरले नाही,” ताई दारातून म्हणाली. “यांनी पिरगाळला. याआधीही मारलंय.”

मग काकांनी चिवड्याची बशी जवळ ओढली आणि जावयाला म्हणाले, “राग जरा आवरत जा.” लगेच ताईकडे वळून, “तूही उलट बोलत जाऊ नकोस.” बाबा खाली बघत होते. मी उठलो. त्या माणसाची कॉलर माझ्या हाताच्या अंतरावर होती. ताई मध्ये आली आणि हळूच म्हणाली, “तू याला मारलंस तर केस तुझ्यावर होईल आणि माझी तक्रार बाजूला पडेल. बस खाली.”

मी बसलो. त्या दिवसापासून त्याला जिजाजी म्हणणं सोडलं.

ताईला आणि तिच्या मुलीला आम्ही धारला घेऊन आलो, पण त्याआधी ताई थेट ठाण्यात गेली. मी बरोबर होतो. तिथला हवालदार माझ्याकडे बघून बोलत होता. हात मोडलेली बाई समोर उभी, आणि हा मला सांगतोय, “भिया, घर का मामला है. दीदी को समझाओ, दो दिन मायके में रख लो, सब ठीक हो जाएगा.” ताई म्हणाली, “मैं यहीं खड़ी हूँ. मुझसे बात कीजिए.” त्याने माझ्यासाठी खुर्ची पुढे केली. मी ती ताईकडे सरकवली. अर्ज घेतला खरा, पण असा, की जणू उपकार करतोय.

घरी वेगळंच सुरू झालं. काकू रोज येऊन म्हणायची, चार भांडी असली की वाजायचीच. मी पीथमपूरच्या कारखान्यात शिफ्ट करून, बसमध्ये उभा राहून घरी यायचो आणि पुन्हा तीच भांडी. एकदा तोंडून निघून गेलं, “काकू, भांडं नाही वाजलं. माझ्या बहिणीचं मनगट मोडलंय.” काकूने आईला सांगितलं, मुलगा उद्धट झालाय. मारणारा उद्धट नव्हता, मी उद्धट.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना ताईने पहिल्याच दिवशी खरं सांगितलं होतं. त्यांनीच तिला संरक्षण अधिकाऱ्यांकडे जायला सांगितलं. घरात मार खाणाऱ्या बायकांसाठी असं सरकारी पद असतं हेही आम्हाला माहीत नव्हतं. गेलो. थकलेल्या चेहऱ्याची एक बाई, टेबलावर फायलींचा ढीग. पण त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. ताईला विचारलं, “आप कहाँ रहना चाहती हैं?”

इतक्या दिवसांत तिला हे कोणीच विचारलं नव्हतं. आम्हीसुद्धा नाही.

“अपने घर में,” ताई म्हणाली. “देवास में.”

मी चकित होऊन म्हणालो, “ताई, परत तिथे?”

“मुलीची शाळा तिथे. माझ्या शिकवण्या तिथे. मारलं त्याने, मग निघायचं मी का?”

“पण घर सासूबाईंच्या नावावर आहे.”

बाईंनी तेव्हा माझ्याकडे बघितलं. घर कोणाच्या नावावर आहे याने फरक पडत नाही, त्या समजावून म्हणाल्या. लग्न करून ती जिथे नांदली, ते तिचंही राहतं घर. तिला तिथून हुसकावता येत नाही, आणि कोर्ट नवऱ्यालाच बाहेर राहायला सांगू शकतं. त्यांनी ताईचं सगळं म्हणणं लिहून घेऊन कोर्टात पाठवलं. सरकारी मदतीतून वकीलही मिळाली.

मग तारखा. घरगुती हिंसाचाराचा हा कायदा म्हणे झटपट निकालासाठी केलाय. एकदा न्यायाधीश साहेब रजेवर, एकदा नवऱ्याचा वकील आजारी. तेवढ्यात सासरच्यांनी कुलूप बदललं. इतका चांगला कायदा, आणि तो बाईपर्यंत पोचेस्तोवर तिने कोणाच्या ओसरीवर बसावं? आजही विचारतो.

अखेर अंतरिम आदेश झाला: नवऱ्याने घराबाहेर राहायचं, ताईच्या जवळ जायचं नाही, फोन करायचा नाही, मुलीच्या शाळेतही जायचं नाही. ताईला पोलिसांनी घरी पोचवायचं. दारात सासूबाई उभ्या होत्या. “घर माझ्या नावावर आहे,” त्या म्हणाल्या. बरोबरची महिला शिपाई शांतपणे म्हणाली, “अम्मा, नाम आपका ही है. आदेश कोर्ट का है. चाबी दीजिए.” किल्ली मिळाली. ताईचे कपडे गोण्यांत भरून जिन्याखाली टाकलेले होते.

थोड्याच दिवसांनी तो दार बडवायला आला. ताईने आतून फोन केला. या वेळी पोलीस आले, कारण आता आदेश मोडणं हाच गुन्हा होता. त्याला घेऊन गेले. नंतर जामिनावर सुटला, पण पुन्हा दाराशी आला नाही. सासूबाई त्याच घरात आहेत, चूल वेगळी.

गेल्या उन्हाळ्यात धारला चुलतभावाच्या मुलाची मुंज होती. काकांनी त्यालाही बोलावलं. “अजून जावई आहे तो,” म्हणाले. पंगत बसली होती, ताई जेवत होती, आणि तो मांडवात आला. काका लगबगीने ताईपाशी गेले, “जरा आतल्या खोलीत बसतेस का? तमाशा नको.”

ताईने घास गिळला. “काका, लांब राहायचंय त्याने. आदेश त्याला आहे.” आणि वाढणाऱ्याकडे तिने श्रीखंड मागितलं.

अख्खी पंगत बघत होती. मी फोन हातात घेऊन उठलो. तो काकांकडे बघत राहिला, काका जमिनीकडे. मग तो गेला, न जेवता.

काका तेव्हापासून आमच्याशी बोलत नाहीत. मुंजीत विघ्न आणलं म्हणे, आम्ही.