खाऱ्या विहिरीचं गोड पाणी

मी तेव्हा वर्ध्याला विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत प्रकल्प सहायक होते. पद मिरवायला बरं, काम मात्र बाटल्या धुण्याचं आणि गावोगाव फॉर्म भरण्याचं. एका रंगाच्या कारखान्याने आमच्याशी करार केला होता. यंत्र आणि गाडी त्यांची, डोकं आणि पाय आमचे, आणि कारखान्याभोवतालच्या विहिरींचं पाणी कसं आहे ते बघायचं. साऱ्याच विहिरी तपासणं होणार नव्हतं. म्हणून आधी घरोघर चव विचारायची आणि जिथलं पाणी खारट, तुरट निघेल तिथलेच नमुने घ्यायचे, असं दोन्हीकडच्या साहेबांनी ठरवलं. फॉर्म मीच बनवला होता. चवीच्या रकान्यात पहिला पर्याय ‘गोड’. पिण्याजोग्या पाण्याला आपण गोडच म्हणतो, त्यात काय डोकं लावायचं!

अल्लीपूरच्या पुढच्या एका गावात, शेवटच्या घराच्या अंगणात एक विहीर होती. गाव तिला खारी म्हणायचं. घरच्या काकूंनी हौसेने सांगितलं, की पूर्वी हिच्या पाण्यात कधी डाळ शिजली नाही, पण दोनेक वर्षांत पाणी आपसूक गोड झालं. उन्हातून आलेल्या माणसाला द्यावं तसं त्यांनी मला गुळाचा खडा आणि पेलाभर पाणी दिलं. तोंडात गूळ, त्यावर पाणी. गोड लागलं. मी ‘गोड’वर खूण केली आणि ती विहीर यादीतून गेली.

दारात त्यांची सून उभी होती, सात महिन्यांची गरोदर. ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या हातातल्या पेल्याकडे बघत होती. हिला याच पाण्याचे डोहाळे लागलेत, दुसरं पाणी घशाखाली उतरत नाही, असं काकू कौतुकाने म्हणाल्या. मीही हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

निघताना सहज विहिरीत डोकावले. पाणी निवळशंख, तळाचा दगडन्‌दगड दिसत होता. शेवाळ नाही, बेडूक नाही, कपारीत एक पारवा नाही. भरदुपारी अंगावर काटा आला. ऊन लागलं असेल म्हणून मी गाडीत जाऊन बसले.

त्यानंतर घरचं पाणी मला फिकं लागायला लागलं. आईने माठ बदलला, तरी तेच.

महिन्याभराने शेजारच्या विहिरीचा नमुना घ्यायला त्या गावात गेले, तर काकू जणू वाटच बघत होत्या. मला हाताला धरून त्यांनी स्वयंपाकघरात नेलं. भुईवर गुळाचा खडा ठेवला होता आणि त्याच्या अलीकडे बशीभर पाणी. मुंग्यांची रांग भिंतीतून निघून सरळ येत होती. बशीपासून हातभर अंतरावर ती वळत होती, मोठा वळसा घालत होती आणि मग गुळाकडे जात होती.

“साखरेवानी गोड हाये बाई,” काकू हळूच म्हणाल्या, “मंग मुंगी काऊन येत नाई?”

मी बशीत बोट बुडवून जिभेला लावलं. या वेळी तोंडात गूळ नव्हता. पाणी गोडच होतं, पाकासारखं. कप्पाळ माझं! त्या साखरेचं गोड सांगत होत्या आणि मी पिण्याजोगं समजून खूण केली होती. सून कुठे आहे विचारलं, तर बाळंतपणाला माहेरी, सेलूला. तिचा भाऊ दर आठवड्याला याच पाण्याची कॅन भरून नेत होता.

बाटली भरली. या विहिरीला नंबरच नव्हता, म्हणून चिठ्ठीवर ‘खारी’ लिहिलं. आमचे सर म्हणाले, यादीवर दोन्हीकडच्या सह्या झाल्यात, मधेच विहीर वाढवता येत नाही. माझं डोकं फिरलं. चूक माझी आहे, मला काढून टाका, पण ही बाटली यंत्राला लावा, म्हणून मी तिथेच ठाण मांडलं. शेवटी त्यांनी लावली. कागद बाहेर आला तसा त्यांनी दोनदा वाचला, खिडकीजवळ नेऊन पुन्हा वाचला.

“कारखान्याशी मी बोलतो,” ते म्हणाले, “तू आत्ताच्या आत्ता सेलूला जा.”

दार सुनेनेच उघडलं. नववा लागला होता. माझी विचारपूस न करता तिने माझ्या पिशवीकडे बघितलं आणि आणलं का म्हणून विचारलं. मी तिला आणि तिच्या आईला बसवून सगळं सांगितलं, माझ्या फॉर्मसकट. तिच्या आई उठल्या, अर्धी कॅन उचलली आणि नहाणीत उपडी केली.

सून धावली. मी तिला मागून धरलं. पोट सांभाळत ती माझ्या हातांतून सुटायला बघत होती.

“एकच घोट दे न वं, माय,” ती रडत होती. “एकच.”

मी तिला थोपटत होते, बाळासाठी, बाळासाठी म्हणत होते. आणि माझी नजर मोरीकडे वाहत जाणाऱ्या त्या पाण्यावरून हलत नव्हती. माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं.