खालाची जीब

"वाक बाय." सकीनाखाला माझ्याशी बोलली ती हे पहिलं. आम्ही दोहाला नुकते आलो होतो आणि ती शेजारीण, आमच्यासारखीच रत्नागिरीकडची. मी वाकले. पाठीवर कापड कुठे ताणतं ते बघून तिने कागदावर पेन्सिल फिरवली. "उभ्या बाईच्या कपड्याचं चित्र कोणपण काढील. बाई दिवसभर उभी असते कुठं?"

बाजारातल्या दाऊदशेठच्या दुकानासाठी ती बायकांच्या रोजच्या कपड्यांची चित्रं काढायची. शिंपी त्यांवरून शिवत. पाटीवर नाव शेठचं, चित्राखाली कोणाचंच नाही. यात शेठला काही गैर वाटत नसे. मला वाटायचं, अजून वाटतं.

एकदा पाण्याच्या टँकरपाशी एक बाई दिसली. हातात डबा, कडेवर मूल, दातांत घराची किल्ली. कोणीतरी तिला रांगेतून मागे सारलं. ती बोलणार कशी? खालाने घरी येऊन एका सैल झग्याचं चित्र काढलं. बाजूच्या शिवणीत तिरका खिसा, त्याला बाण आणि शब्द: 'जीब'. बाजारात खिशाला जेब म्हणत. खालाच्या तोंडी तिची कायम जीब व्हायची.

शेठ ते वाचून हसला. "बायकांना आणखी एक जीब? आहे तीच आवरत नाही, खाला." त्याच्या स्वतःच्या सदऱ्याला छातीवर खिसा, बाजूला खिसा, आत चोरखिसा. "जीब काढून टाका, ईदच्या मालात हाच झगा घेतो."

आपला झगा गल्लोगल्ली दिसावा, एवढंच खालाला आयुष्यात हवं होतं. तिने चित्र गुंडाळलं. "ऱ्हावं दे शेठ. जीब कापलेली बाई मी काढत नाय."

काम गेलं. शेठने झगा तरीही, एकदा बघितलेल्या चित्रावरून, शिवून घेतला, बिनखिशाचा, आणि तो खपला. याला आपल्यात व्यापार म्हणतात. मग बायका तेच झगे घेऊन खालाकडे येऊ लागल्या. ती शिवण उसवून खिसा बसवायची. "झगा शेठचा, जीब माझी." टँकरपाशी बायकांची तोंडं फार चालायला लागलीत, अशी पुरुषांची तक्रार सुरू झाली. बरं झालं.

मी कॉलेजसाठी इकडे, मायदेशी निघाले तेव्हा तिने मलाही तसा झगा दिला. खिशात तिच्या घराची किल्ली टाकली. "वाक बाय." मी वाकले. किल्ली पडली नाही. तिने ती काढून घेतली. "खलास. आता जा."

खाला गेल्याचं परवा कळलं. आम्हा बायकांच्या सभा असतात तेव्हा मी तोच झगा घालते. पत्रकं खिशात असतात. तोंड मोकळं राहतं.