गुंजभर कमी भरलेला पेला

जगात कुठलीही वस्तू नाहीशी होते, यावर आमच्या शेजारच्या सोनार आजोबांचा मुळीच विश्वास नव्हता. आदिलाबादच्या आमच्या गल्लीत कुणाचं काही हरवलं तर लोक नशिबाला बोल लावत. आजोबा जमीन झाडत, तीही आतल्या बाजूला. कानशीने सोनं घासताना उडालेला कण कुठे पडला असेल याचा नेम नाही, म्हणून दुकानातला केर, हात धुतलेलं पाणी, बसायचं जुनं पोतं, सगळं ते जपून ठेवत. वर्षातून एकदा झारेकरी येऊन तो केर धुई आणि त्यातून सोनं काढून दाखवी. शिंक आली तरी आजोबा आधी तराजूवर फडकं टाकत आणि मगच शिंकत. एका पाहुण्याला त्यांनी उठताना धोतर झटकायला लावलं होतं. पाहुणा त्यांचा व्याही होता.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या मुलाने सोनारकी सोडून प्लास्टिकच्या सामानाचं दुकान टाकलं. नातीसाठी घरात पांढरा पेला आला. काही महिन्यांत त्याची चकाकी गेली, बोट फिरवलं की पांढरी पूड लागू लागली. आजोबांनी पेला सोन्याच्या तराजूत घातला. महिन्याने पुन्हा घातला, तर गुंजभर कमी भरला. त्यांनी फडकी धुतली, मोरीचं पाणी गाळलं. हाती काही आलं नाही.

"घासून घासून झिजला असन, बाबा," मुलगा म्हणाला.

"झिजला मंजे गेला कुटं, ते सांग. पोरगी त्याच्यातूनच पाणी पिऊन राह्यली."

"माझं दुकान बुडवता काय?"

हैदराबादहून कंपनीचा माणूस दुकानात आला तेव्हा आजोबांनी मला बोलावलं. गल्लीत इंग्रजी शाळेत जाणारी मी एकटीच. "हिंदीत पुसलं का हे लोक खोटं बोलतात. तू इंग्रजीत पुस, पोरी."

शाळेबाहेर मी कधी इंग्रजी बोलले नव्हते. या पेल्यातून काही निघतं का, एवढं घोकलेलं एकच वाक्य कसंबसं विचारलं. तो माणूस इंग्रजीतच मोकळेपणाने बोलला. स्वस्त पडावं म्हणून प्लास्टिकमध्ये खडूची भुकटी मिसळतात. वापरता वापरता ती सुटते. काही कण तर डोळ्यांना दिसतही नाहीत, ते पोटात जातात की आणखी कुठे, कोणी पाहिलंय? आणि हसला.

आजोबा वाट पाहत होते. मुलगा माझ्याकडे रोखून बघत होता. मला फक्त तिथून निघून जायचं होतं.

"काही निघत नाही म्हणतात," मी म्हणाले.

काटा स्थिर व्हायची वाट पाहावी तसे ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. "तू म्हंतेस तं खरं असन." त्याच पेल्यात पाणी भरून त्यांनी नातीच्या हातात दिलं. पुढे पेला कधी तोलला नाही.

त्यांच्या शेवटच्या वर्षी झारेकरी आला, तेव्हा त्यांनी मला हाक मारली. परातीच्या तळाशी कणभर पिवळं चमकत होतं. "पाह्य, निघालं का नाही," ते लहान मुलासारखे हसून म्हणाले. "सोनं जाईन कुटं?"

नात शेजारीच उभी होती, हातात पांढरा पेला. मी मान हलवली. तेव्हाही सांगता आलं असतं.