भाऊजींचा यरीहो बँड

देवाने माणसाला दोन कान दिले आणि वर दोन हात दिले, ते कान झाकता यावेत म्हणूनच, हे मला माझ्या धाकट्या दिरामुळे कळलं. अख्ख्या मराठवाड्यात इतक्या जोरात, इतकी वर्षं, कुणी न मागता गाणारा दुसरा माणूस झाला नसेल, आणि तो नेमका माझ्याच घराच्या माडीवर राहायला यावा हे माझं नशीब. नवरा होता तोपर्यंत तो म्हणायचा, "जाऊ दे गं, वेडं हाय ते." नवरा गेला, वेडं राहिलं.

आम्ही लातूरचे जुने ख्रिस्ती. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, गाणं म्हणजे पेटी, तबला, खंजिरी आणि सतरंजी. चाल अशी की म्हातारीला तांदूळ निवडता निवडता म्हणता यावी. भाऊजीही आधी तसंच गायचे. ऑफिसात कारकुनी करायचे, रविवारी पेटीवाल्याच्या मागे बसायचे. मग भूकंप झाला. बाहेरगावची मदतवाली माणसं आली, त्यांनी ब्लँकेटं वाटली, पत्रे वाटले, आणि जाताना विजेवर चालणारी एक गिटार आमच्या भाऊजींना देऊन गेली. ब्लँकेटं फाटली, पत्रे गंजले. गिटार तेवढी टिकली.

त्या गिटारीने माणूस बदलला. मानेपर्यंत केस वाढवले. काळं कातडी जाकीट आणलं आणि लातूरच्या मे महिन्यात ते घालून फिरू लागले. खुर्चीवरून उठले की खुर्चीही थोडी उठायची. लग्न केलं नाहीच. मी स्थळं आणायची, तर म्हणायचे, "वहिनी, माझा बँड हाच माझा संसार. तेवढा मोडू नये म्हणून प्रार्थना करा." मी प्रार्थना करायची, पण कशासाठी ते त्यांना सांगत नव्हते. त्या संसारात चौघं. उदगीरच्या दवाखान्यातला एक वॉर्डबॉय ढोल बडवायचा. नांदेडहून एक टायपिंग शिकवणारा दर शनिवारी एस.टी.ने यायचा, त्याची गिटार जाड तारांची, आवाज म्हशीसारखा. गणितात बी.एस्सी. झालेला एक बेकार पोरगा कीबोर्डवर. आणि मधोमध भाऊजी, डोळे मिटून. गाताना ते डोळे कधीच उघडत नसत. मी म्हणायची, "उघडले तर समोरच्यांची तोंडं दिसतील, त्यापेक्षा मिटलेले बरे."

बँडला नाव दिलं 'यरीहो'. आमच्या शास्त्रातली, बायबलातली, गोष्ट आहे: त्या गावाभोवती कर्णे वाजवले, लोकांनी आरोळी मारली, आणि गावाच्या भिंती कोसळल्या. भाऊजींना वाटलं, झकास नाव. आणि पहिला कार्यक्रम कुठं ठरवला? किल्लारीकडे, भूकंपात घरं गेलेल्या लोकांच्या पत्र्याच्या वस्तीत! चौघांतल्या एकालाही काही सुचलं नाही. चौघंही प्रार्थना करून निघाले होते ना, मग डोकं कशाला लागतंय. मी भाकऱ्या बांधून जीपमध्ये बरोबर गेले होते, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं. मोठ्या शेडमध्ये माणसं दाटीवाटीनं बसली होती. उदगीरवाल्यानं मोठा ढोल हाणला, नांदेडवाल्यानं म्हैस सोडली, आणि वरचे पत्रे थडथड वाजू लागले. पुढची बाई पोराला काखोटीला मारून उठली. तिच्यामागे सगळी वस्ती. दाराशी चेंगराचेंगरी, धाडधाड सगळे रानात. भाऊजी डोळे मिटून गातच होते. त्यांना वाटलं, पवित्र आत्मा उतरला म्हणून एवढी हालचाल चाललीय. गाणं संपलं, डोळे उघडले, तर शेडमध्ये मी आणि भाकऱ्या.

बाहेर एक म्हातारी ज्वारीच्या धाटांत बसून धापा टाकत होती. तिनं शेडच्या दारावर टांगलेल्या कापडावरचं बँडचं नाव एका पोराकडून वाचून घेतलं आणि विचारलं, "ह्ये यरीहो काय अस्तंय रं बाबा?" भाऊजींनी खाली बसून मोठ्या भक्तीनं सगळी गोष्ट सांगितली. म्हातारीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजी भिती पाडायचं गाणं म्हनायलाव व्हय? आमच्या पडल्यात की. दुसऱ्या गावाला जा."

मी जीपमध्ये लातूर येईपर्यंत हसत होते. भाऊजींना नाव बदला म्हटलं, तर म्हणाले, "कापडावर रंगवून झालंय वहिनी." अशी त्यांची अक्कल. पुढं त्यांनी त्या वस्तीत जाऊन पेटीवर साधी भजनं म्हटली, हेही खरं आहे. पण ते बँडच्या कारकिर्दीत भाऊजी धरत नाहीत.

कारकीर्द म्हणजे काय, तर हीच. हैद्राबादला जाऊन कॅसेट काढली. ती कुणी घेईना, माझ्या पलंगाखाली खोकी साठली. शेवटी चाकूरच्या माझ्या भावानं ती फीत काढून ज्वारीच्या रानावर ताणली. वाऱ्यानं फडफडली की पाखरं पळायची. भावानं निरोप धाडला, "दिराला सांग, पाखरं लई भ्यायलीत." भाऊजींनी विचारलं, "कोणत्या बाजूची फीत लावली?" म्हणजे गाणी कोणती ते त्यांना कळावं!

नांदेडला एका मेळाव्यात बोलावलं, तिथं पहिल्याच गाण्यात लाईट गेली. कीबोर्ड मेला, म्हैस मेली. भाऊजी डोळे मिटून मुक्या गिटारीवर उड्या मारत राहिले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण तेवढंच गाणं त्यांना सुखाचं गेलं.

मग लातुरात क्लासचं पीक आलं. डॉक्टर, इंजिनिअर व्हायला गावोगावची पोरं उतरली. गल्लीत खोल्याच खोल्या झाल्या, मीही खानावळ काढली. सकाळपासून पोरं पाठांतर करायची, आणि माडीवर यरीहो. एका मुलाची आई रेणापूरहून तडक माझ्या दारात आली. "मावशी, तुमच्या भाताचं काय म्हणणं न्हाई. पण वर कोण मरायलंय?" मी माडीवर जाऊन ताकीद दिली. तेव्हापासून बँडचा सराव मुका झाला. ढोलावर माझी गोधडी, गिटारीची वायर काढलेली, कीबोर्ड बंद, आणि चौघं ओठ हलवत घाम गाळायचे. जगात आवाज न करणारा रॉक बँड फक्त आमच्या माडीवर होता, आणि खरं सांगते, तो त्यांचा सगळ्यात चांगला काळ.

पण क्लासनं बँड खाल्लाच. गणितवाला पोरगा शिकवायला लागला, त्याचा 'सर' झाला, चौकात त्याचे फोटो लागले. नांदेडवाल्यानं टायपिंग बंद करून मुलांचं वसतिगृह काढलं. उदगीरवाला नुसता नाताळला उगवायचा. भाऊजी दर शनिवारी माडी झाडून सतरंजी टाकून बसायचे. कुणी येत नसे. मी म्हणायची, "सतरंजी उचला, पापड वाळवायचेत."

एक दिवस ते सर मोटार घेऊन माझ्या खानावळीत आले. भाऊजींना म्हणाले, "दादा, आपला बँड पुन्हा उभा करू. माझ्या क्लासच्या सगळ्या कार्यक्रमांना तुम्हीच. फक्त प्रभूचं नाव नको. सगळ्या धर्मांची पोरं हायेत, पालक इचारतेत. 'प्रभू, तू मला उठवलंस' हाय ना, तिथं 'मेहनत, तू मला उठवलंस' म्हणा. चाल तीच."

भाऊजी लगेच हो म्हणाले. हो म्हणणारच. संसार परत जुळत होता. जाकीट बाहेर काढलं, पोटावर बसेना तरी घातलं. सरावाला चौघं जमले, थंडगार हॉल, नवे स्पीकर. मी डबे घेऊन गेले होते. भाऊजींनी डोळे मिटले, तोंड उघडलं, आणि थांबले. पुन्हा सुरू केलं, त्याच जागी पुन्हा थांबले. सर हसून म्हणाले, "दादा, एक शब्द तर हाय."

भाऊजी म्हणाले, "हाव. एकच तर हाय." आणि वाकून गिटारीची वायर काढली.

रस्त्यात मी तोंडसुख घेतलं. "उभा जन्म ज्या बँडसाठी घातला, तो ताटात वाढून आलेला, आणि लाथाडला! देव काय रुसून बसणार होता का, भाऊजी?"

"देव न्हाई, वहिनी. पण त्या शब्दाला माझे डोळे आपोआप मिटतेत. मेहनतीला मिटंनात, काय करू?"

रिकामे डबे घेऊन आम्ही घरी आलो. बँड मोडला तो त्या दिवशी. जाकीट भंगारवाल्यानंही नेलं नाही.

परवाच्या नाताळात मंडळी नेहमीप्रमाणे दिवेलागणीला घरोघर गात निघाली. पेटी, तबला, खंजिरी. भाऊजी सगळ्यांच्या मागं, गळ्यात ती विजेची गिटार, वायर कशालाच नाही. एवढ्या तबल्यात ती कुणाला ऐकू जाणार?

"पुढं व्हा की," मी म्हटलं.

"बरं हाय इथं."

चालून माझे गुडघे दुखत होते, म्हणून मीही मागंच राहिले, त्यांच्या शेजारी. तेवढ्या जवळून तारांची किणकिण ऐकू येत होती. भाऊजींनी डोळे मिटले होते. वाजवताना चुकत होते.

मी कानावरचा पदर मागं सारला.