खारीच्या घरट्यातला कापूस

धुळ्यात आमच्या गल्लीतला कडुनिंब आज तोडला. ओल्या लाकडाचा कडवट वास घरभर आला. खाली पडलेल्या खारीच्या घरट्यात कापूस होता. तो हातात घेतला आणि लहानपणीचं पारोळ्याचं अंगण आठवलं.

माझा धाकटा भाऊ जन्मला त्याच दिवशी गेला. त्याच्यासाठी शिवलेली इवलीशी गादी काही दिवसांनी आईने उसवली आणि कापूस अंगणातल्या निंबाखाली ठेवला. खार तो तोंडात भरून वर नेऊ लागली. मी तिला हाकलायला धावले.

“तिले लई जाऊ दे माय,” आई म्हणाली, “तिना पिल्लास्ले थंडी वाजस.”

मग मी खारीचीच गंमत बघत राहिले. आई रिकामी खोळ मांडीवर घेऊन बसली होती. बाळाला जोजवावं तशी तिची मांडी हलत होती, हे आज आठवताना दिसलं.